मदत हवी आहे: व्हॉल्व्ह प्रीअँपची डावीकडची चरचर

नमस्कार मंडळी. घरीच बनवलेला व्हॉल्व्हचा (निर्वात नळीचा) लाइन प्रीअँप आहे, म्हणजे पॉवर अँपच्या आधीची पायरी. प्रत्येक चॅनलला एक ईसीसी८३, म्हणजे १२एएक्स७; एकाच नळीत दोन ट्रायोड. पहिला अर्धा भाग, मग व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करणारा), मग दुसरा अर्धा. सप्लाय २५० व्होल्ट.

डाव्या स्पीकरमधून गरम तेलात भजी सोडल्यासारखी चरचर येते. पॉट शून्यावर आणला तरी ती तशीच, म्हणजे दोष पॉटच्या पुढच्या स्टेजमध्ये असणार. दोन्ही व्हॉल्व्ह अदलाबदल करून पाहिले, आवाज डावीकडेच राहिला. सॉकेट साफ करूनही फरक नाही. मीटर लावल्यावर त्या स्टेजच्या प्लेटचं (व्हॉल्व्हच्या आउटपुट टोकाचं) व्होल्टेज १५०च्या आसपास सारखं हलताना दिसतं, उजवीकडे मात्र स्थिर. माझा संशय प्लेटच्या १०० किलोओहम कार्बन रेझिस्टरवर आहे. त्या जागी १ वॉट मेटल फिल्म टाकला तर चालेल ना? की आधी कपलिंग कपॅसिटर (स्टेजमधून सिग्नल पुढे नेणारा) बदलू?

शिवाय दोन्हीकडे बारीक घूं आहे, इनपुट शॉर्ट केला तरी जात नाही. ५० हर्ट्झची वाटते, १००ची नाही, त्यामुळे सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरपेक्षा हीटरवर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेवर) जास्त शंका. हीटर ६.३ व्होल्ट एसीवर आहेत आणि ट्रान्सफॉर्मरचं ते वाइंडिंग ग्राउंडला कुठेच जोडलेलं नाही. दोन १०० ओहम लावून कृत्रिम सेंटर टॅप (ग्राउंडला जोडलेला मधला बिंदू) पुरेल, की थेट डीसी करावं?

(कपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात घालतो, ओरडू नका.)

आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत चांगले सिरॅमिक नोव्हल (नऊ पिनांचे) सॉकेट कुणाला अलीकडे मिळालेत का?