सोसायटीच्या ग्रुपवर ए-५०२ च्या एनओसीवरून (ना-हरकत पत्रावरून) सुरू झालेली चर्चा

ए-५०२ काका:
नमस्कार मंडळी. सेक्रेटरी साहेब, बँकेला सोसायटीची एनओसी हवीये, फ्लॅट तारण ठेवायचाय. अर्ज आणि शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स वॉचमनकडे ठेवलीये. आमच्या मुलीला अमेरिकेत एमबीएला ॲडमिशन मिळालीये, ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू. आणि इथे सीईटीत ९९.९१ पर्सेंटाइल पडलेत, म्हणजे मुंबईतही चांगलं कॉलेज मिळायला हरकत नाही. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही, हिचं म्हणणं, पोरीला जाऊ द्या, माझं धाडस होत नाही आणि पोरीचं मन दोन्हीकडे ओढतंय. तुमच्यापैकी कोणाची मुलं बाहेर गेलीत, कोण इथे शिकलंय, मोकळेपणाने सांगा आणि इथेच लिहा, ती ग्रुपवर आहे, तिलाही वाचता येईल.

सी-१०१ सेक्रेटरी:
अर्ज मिळाला. रविवारच्या कमिटी मीटिंगला विषय घेतो. तुमचा मेंटेनन्स क्लिअर आहे, अडचण काही नाही. फक्त बँकेचं पत्र जोडा, रजिस्टरला बोजा नोंदवावा लागेल. मुलीचं अभिनंदन!! (आणि सगळ्यांना, टँकर चारला येतोय, गेटसमोरच्या गाड्या हलवा)

डी-४०२:
अरे वा अभिनंदन बेटा. काका डोळे झाकून पाठवा, अशी संधी परत येत नाही.

सी-३०३ काकू:
डोळे उघडे ठेवूनच ठरवा हो, राग मानू नका पण आमचा अनुभव सांगते. आमचा मुलगा २०२३ ला यूकेला गेला, एका वर्षाचं एमबीए. तो एजंट इथे आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून म्हणाला होता की एक वर्ष शिकायचं, दोन वर्षांचा वर्क व्हिसा, नोकरी तर नक्की. शिकवलं चांगलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो शिकत असतानाच एप्रिल २०२४ मध्ये स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट २६,२०० पाउंडांवरून ३८,७०० वर गेली. नवख्यांना थोडी सूट असते पण त्याच्या कंपनीला तेवढाही पगार द्यायचा नव्हता. दोन वर्षं कुठे गोडाऊन, कुठे कॉल सेंटर असं करत शेवटी ऑफिसातली नोकरी लागली तोवर व्हिसा संपत आलेला. आता परत आलाय, पुण्यात आहे, बरं चाललंय त्याचं. पण लोन यांच्या पीएफमधून फेडलं. तो म्हणतो आई मी जे पाहिलं ते इथे बसून कळलं नसतं आणि मला ते पटतंही, पण त्याचे पैसे कोणी भरले हे मला माहितीये.

डी-४०२:
काकू हे माहीत नव्हतं. सॉरी.

सी-३०३ काकू:
अरे सॉरी कशाला. म्हणून तर लिहिलं. आणि आता तर तो दोन वर्षांचा व्हिसा पण जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचाच करणार आहेत. पोरं शिकत असतात आणि तिकडे नियम बदलत असतो, एवढंच लक्षात ठेवा.

बी-६०१ (सिॲटल):
इथे सकाळ झाली, आत्ता वाचलं सगळं. मी एमएस केलंय, एमबीए नाही, पण आमच्या ऑफिसात एमबीएवाले बरेच आहेत म्हणून लिहितोय. ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट बघ, तुझ्या प्रोग्रामला स्टेमचा (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाचा) दर्जा आहे का. आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या फॉर्मवर, सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा नंबर) असतो त्यावरून कळतं, नाहीतर सरळ युनिव्हर्सिटीला मेल टाक. स्टेम नसेल तर शिक्षणानंतर ओपीटी, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच नोकरी करायची परवानगी, फक्त १२ महिने, असेल तर आणखी २४. म्हणजे एक वर्ष की तीन वर्षं हा फरक आहे, आणि एच-वन-बीची (पुढच्या नोकरीच्या व्हिसाची) लॉटरी वर्षातून एकदाच, मार्चमध्ये. तू मे २०२८ ला पास होशील, स्टेम नसेल तर मास्टर्सच्या कोट्यातून तुला एकच लॉटरी मिळते, असेल तर तीन.

ए-५०२ काका:
म्हणजे शिकून झाल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरवणार?

बी-६०१ (सिॲटल):
हो काका. ६५ हजार जागा सगळ्यांना आणि २० हजार इथून मास्टर्स केलेल्यांना जास्तीच्या, अर्ज त्याच्या कितीतरी पट. आता जास्त पगाराच्या नोकरीला लॉटरीत जास्त संधी असा नियमही आलाय. सप्टेंबर २०२५ ला नव्या एच-वन-बीवर एक लाख डॉलर फी लावली ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल, ती इथे स्टुडंट व्हिसावर असून इथेच स्टेटस बदलणाऱ्यांना लागू नाही असा खुलासा झालाय, पण कंपन्यांनी हात आखडता घेतलाय हे खरं. नोकरीच्या प्रत्येक फॉर्मवर एक प्रश्न असतो, तुम्हाला आता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप लागेल का. तिथे हो टिक केलं की कित्येक कंपन्यांत विषय तिथेच संपतो, तुमचा रेझ्युमे उघडलाही जात नाही. मी स्वतः ते टिक शेकडो वेळा केलंय. घाबरवत नाहीये ताई, माझं इथे चांगलं झालं आणि मला आल्याचा आनंदच आहे, पण मी आलो तेव्हा डॉलर ६५ च्या आसपास होता आणि माझ्या वडिलांनी घर गहाण ठेवलं नव्हतं.

ई-२०४:
मी इथला अनुभव सांगतो. जमनालाल बजाज, चर्चगेटचं एमबीएचं कॉलेज, २०११ ची बॅच. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडायची, दादरला उतरून चर्चगेट, रात्री प्रोजेक्ट संपवून शेवटच्या लोकलने परत, दोन वर्षं असंच. वर्गात वर्षानुवर्षं नोकरी केलेले, सीए झालेले, इंजिनियर सगळे होते, आणि खरं सांगतो प्रोफेसरांइतकाच मी त्या पोरांकडून शिकलो. पण मुख्य फरक नोकरीचा. इथे कंपनी तुमच्या दारात येते, समर इंटर्नशिपला पहिल्याच वर्षी आणि फायनलला दुसऱ्या वर्षी, कॉलेजचे जुने विद्यार्थीच समोर इंटरव्ह्यूला बसलेले असतात. तिकडे तेच काम एकट्याने करायचं, अनोळखी लोकांना मेसेज टाकून वेळ मागायची, हे माझ्या बहिणीने केलंय, तिला जमलं, मला जमलं नसतं. आणि फी, आता दोन वर्षांची सात लाखांच्या आत-बाहेर. मी पहिल्या दीड वर्षाच्या पगारात मोकळा झालो होतो.

ए-५०२ ताई:
दादा, ९९.९१ ला जमनालाल होईल का?

ई-२०४:
सीमेवर आहे. सिडनहॅम नक्की लिस्टमध्ये टाक. कॅप राउंडचे (सीईटीवरून ॲडमिशन देतात त्या फेरीचे) पर्याय भरताना घाई करू नकोस, मला फोन कर, आपण बसून भरू.

सी-४०१ आजोबा:
मुलीचं वय २६ आहे ना? दोन वर्षं शिक्षण मग नोकरी, लग्नाचं पण बघायला हवं वेळेवर. आपलं समजून बोललो.

डी-१०३ मॅडम:
आजोबा, तिच्या लग्नाचं तिचं ती बघेल. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, ही पोर माझ्या वर्गात होती, सातवीत असताना विज्ञान प्रदर्शनात पाण्याच्या टाकीचा फ्लोट स्वतः जोडून आणला होता हिने, वडिलांचा हात लागू दिला नव्हता. हिला काय हवंय ते आधी हिला विचारा, इतका वेळ सगळे देशांबद्दलच बोलतोय.

ए-५०२ ताई:
मॅडम 🙏 सांगते. मी चार वर्षं ऐरोलीत टेस्टिंग करतेय, मला त्यातून बाहेर पडायचंय. ऑपरेशन्स किंवा सप्लाय चेनमध्ये जायचंय, माल कुठून येतो कुठे अडतो ते मला खरंच आवडतं, आमच्या क्लायंटच्या गोडाऊनचं सॉफ्टवेअर टेस्ट करतानाच ते डोक्यात बसलं. अमेरिकेत कायमचं राहायचंय असं नाही. पण एकदा बाहेर राहून बघायचंय, एकटीने, ते पण खरं आहे. आणि ऑफिसमधले तीन जण गेलेत तर आपण मागे राहू असं वाटतं, ते पण खोटं नाही.

बी-२०१ काकू:
दुपारपासून वाचतेय, आता लिहिते, लांब होईल, वाचा. मी २८ वर्षं बँकेत होते आणि शेवटची नऊ वर्षं कर्ज विभागात, एज्युकेशन लोनच्या फायली माझ्याच टेबलवरून जायच्या. भाऊ, तुमचा आकडा मला वहिनींनी जिन्यात सांगितला म्हणून तुमच्या परवानगीशिवाय लिहितेय. स्कॉलरशिप वजा जाऊन एक लाख पाच हजार डॉलर, डॉलर आता ९० च्या वर, म्हणजे ९५ लाखांच्या घरात. त्यातले २५ तुमचे, ७० लाख कर्ज. आता बँक ते एकदम देत नाही, टप्प्याटप्प्याने देते, अर्धं पहिल्या वर्षी आणि अर्धं दुसऱ्या वर्षी धरा. व्याज मात्र पहिल्या पैशापासून चालू होतं, शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नसतो म्हणून लोकांना वाटतं व्याजही नसतं. १० टक्क्यांनी धरा, तीन वर्षांत साडेसतरा लाख व्याज चढतं. मग साडेसत्याऐंशी लाखांवर १५ वर्षांचा हप्ता बसतो महिन्याला ९४ हजार. आणि दुसऱ्या वर्षीची फी डॉलरमध्येच भरायची, डॉलर पाच रुपयांनी वर गेला तर अडीच लाख आणखी, ते कर्जात बसत नाहीत, ते घरातून काढावे लागतात.

आता हे कर्ज वाईट का? नाही. तिला तिकडे नोकरी लागली तर ९४ हजार म्हणजे हजार-साडेदहाशे डॉलर, ते तिथल्या एमबीएच्या पगारातून जातात, दोन-चार वर्षांत कर्ज संपवलेली मुलं मी पाहिलीत, पेढे घेऊन ब्रँचला आलेली. पण हेच कर्ज इथल्या पगारातून फेडायची वेळ आली तर ते जात नाही हो. डॉलरचं शिक्षण रुपयात फेडणं, तिथेच घरं अडकतात. आणि भाऊ तुम्ही २०२९ ला रिटायर होताय. ती २०२८ ला पास, एक वर्ष सूट, पहिला हप्ता २०२९ च्या मध्यात. म्हणजे हप्ता सुरू होईल त्याच वर्षी सहकर्जदाराची पगाराची स्लिप बंद. फाइलवर सही करताना हे कोणी बोलत नाही, मीही बोलायचे नाही कित्येकदा, समोर पोराचे आईवडील इतके आनंदात असायचे की तोंडातून शब्द निघायचा नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या शेअर सर्टिफिकेटच्या मागे होम लोनच्या बोजाची नोंद आहे आणि खाली ती रद्द केल्याची. २०१९ ला ते कर्ज फिटलं तेव्हा तुम्ही मजल्या-मजल्यावर पेढे वाटले होते, वहिनी रडल्या होत्या आमच्या दारात. म्हणून बोलतेय. मला पाठवू नका असं म्हणायचं नाहीये. मला म्हणायचंय की नोकरी लागली नाही तर हप्ता कोण भरणार याचं उत्तर आधी लिहून काढा, तिघांनी बसून, मग एनओसी मागा.

ए-५०२ काका:
वहिनी, परवानगी कसली. २०२९ चं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ए-५०२ ताई:
काकू मी हप्त्याचा हिशोब केला होता पण सगळा डॉलरच्या पगारावर केला होता. रुपयाच्या पगारावर केलाच नाही.

बी-२०१ काकू:
सगळेच तसा करतात बाळा. आणि एक, इथल्या सात लाखांना तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या क्रेडिट गॅरंटीखाली बँक देते, हप्ता बसेल चौदा-साडेचौदा हजार, सात वर्षं. आणि व्याजावर इन्कम टॅक्सची सूट आहे आठ वर्षं, जुन्या टॅक्स पद्धतीत.

डी-४०२:
पण मग बाहेर राहायची तिची इच्छा तशीच राहणार ना? सगळं पैशावर ठरवायचं का? मी स्वतः २०१६ ला घाबरून गेलो नाही आणि अजून मनात आहे माझ्या.

बी-६०१ (सिॲटल):
तुझा मुद्दा बरोबर आहे आणि तो हलका नाहीये. पण बाहेर जायचा एमबीए हा एकच रस्ता नाही. आमच्याकडे आयआयएममधून शिकून भारतातल्या ऑफिसला लागलेले आणि तीन-चार वर्षांनी कंपनीनेच इकडे आणलेले लोक आहेत, त्यांच्या डोक्यावर कर्ज नाही. ऑपरेशन्सच हवं असेल तर पवईचं नीटी बघ ना, २०२३ पासून ते आयआयएम मुंबई झालंय, पूर्वीपासून त्या विषयात त्याचं नाव आहे. त्याला कॅट लागेल पण, नोव्हेंबरमध्ये. आणि बाहेरच्या एमबीएला लागतो तो जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो, तो वाया जात नाही.

ई-२०४:
+१. त्यात ताई अमेरिकेतल्या त्या कॉलेजमधून सप्लाय चेनमध्ये गेल्या दोन वर्षांत परदेशी मुलं किती लागली ते विचार, सगळ्या मुलांची सरासरी नको, परदेशी मुलांचा वेगळा आकडा माग. दिला नाही तर तेही उत्तरच आहे.

सी-४०१ आजोबा:
मघाशी लग्नाचं बोललो ते राहू द्या. पोरी, तुझे आजोबा आणि मी एका बाकावर बसून मॅट्रिक झालो. जिथे जाशील तिथे चांगलंच करशील.

ए-५०२ ताई:
थँक यू आजोबा 🙏

(तीन दिवसांनी)

ए-५०२ ताई:
सगळ्यांना अपडेट देते कारण सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं. युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं. माझा जनरल ट्रॅक स्टेममध्ये नाही, फक्त ॲनालिटिक्सचा ट्रॅक आहे आणि त्यातल्या जागा भरल्या. परदेशी मुलांचा वेगळा आकडा मागितला तर एक चकचकीत पीडीएफ पाठवली, त्यात तो नव्हता. मी ॲडमिशन एक वर्षाने डिफर करता (पुढे ढकलता) येईल का विचारलंय, त्यांच्या कमिटीपुढे जाणार आहे, अजून कळलं नाही. काल आम्ही तिघं बसलो, काकूंनी सांगितलं तसं लिहून काढलं. नोकरी लागली नाही तर हप्ता कोण भरणार, त्यापुढे बाबांनी "मी" लिहिलं आणि मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मी ते खोडलं. मी सीईटीचा कॅप भरतेय. वाईट वाटतंय, खोटं नाही बोलणार, मी व्हिसाच्या फोटोला नवीन शर्ट पण आणला होता. पण बाहेर जायचं मी सोडलेलं नाहीये.

डी-१०३ मॅडम:
सोडूही नकोस. शर्ट ठेव, इंटरव्ह्यूला चालेल.

ए-५०२ काका:
सेक्रेटरी साहेब, एनओसीचा अर्ज मागे घ्यायचाय.

सी-१०१ सेक्रेटरी:
दोन ओळी लिहून द्या, फाइलला लावतो. झेरॉक्स परत घेऊन जा, ऑफिस साडेआठपर्यंत उघडं आहे.

बी-२०१ काकू:
बाळा, डोमिसाइल आहे का तुझं? नसेल तर उद्याच कल्याणच्या सेतू केंद्रात जा, ॲडमिशनच्या दिवसांत तिथे फार गर्दी असते. रेशन कार्ड, शाळेचा दाखला आणि लाइट बिल घेऊन जा. मी रिकामी आहे सकाळी, येते बरोबर.

ए-५०२ ताई:
काकू सव्वानऊला खाली येते.