पहिला दशावतार: कुठली जत्रा, कुठलं आख्यान, बसायचं कुठे?

प्रेषक: न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या सुट्टीत आमच्याकडची तीन कुटुंबं सिंधुदुर्गात येत आहेत. मुलं 13 ते 19 वयाची आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (मेटला) त्यांनी ऑपेरा बघितलेला असल्यामुळे गाण्यातून नाटक पुढे सरकतं हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. पण तिथे समोरच्या खुर्चीच्या पाठीवर भाषांतर उमटतं, गोष्ट आधी वाचून जाता येतं आणि बसायची जागा तिकिटावरच छापलेली असते. दशावताराला, म्हणजे तिकडच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याला, यातलं काहीच नाही असं ऐकते. पहिल्यांदा बघायचा तर कुठल्या जत्रेला जावं, आख्यान कुठलं निवडावं आणि बसावं कुठे? सगळे आंगणेवाडी, आंगणेवाडी म्हणतात, तर तिथेच जावं का?

---

प्रेषक: कुडाळ

ताई, नमस्कार.

आंगणेवाडी पहिल्या दशावतारासाठी नको. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते आणि ती बहुधा फेब्रुवारी-मार्चकडे पडते, म्हणजे तुमच्या सुट्टीत ती येतच नाही. आली असती तरी लाखांच्या गर्दीत दर्शनाच्या रांगेतच अर्धी रात्र गेली असती. कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीला. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेला लागून असते. ती पौर्णिमा 2025 मध्ये 5 नोव्हेंबरला होती, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे 24 नोव्हेंबरला आहे. जत्रा तिथीवर चालतात. मागच्या वर्षीची तारीख धरून विमानाची तिकिटं काढलीत तर पोचाल तेव्हा देवळासमोर मांडवाचे बांबू सोडवत असतील.

डिसेंबरात कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला तालुक्यांत जत्रांना तोटा नसतो. सातेरी, रवळनाथ, माउली, वेतोबा, जे कुठलं ग्रामदैवत असेल त्याची लहान जत्रा धरा. अशा बऱ्याच देवळांत ठरावीक कंपनीचा मान असतो. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, आजगावकर, खानोलकर, चेंदवणकर ही जुन्या कंपन्यांची नावं कानावर पडतीलच. पोस्टरवर ‘संयुक्त’ लिहिलेलं असेल तर निरनिराळ्या मंडळांतले नावाजलेले नट त्या एका रात्रीपुरते एकत्र आलेले असतात. असे प्रयोग चटकदार होतात, पण रोज एकत्र उभं राहणाऱ्यांचा एकमेकांशी जो मेळ असतो तो तिथे सापडेलच असं नाही. ‘ट्रिकसीन’ लिहिलेलं असेल तर धूर, आग, अधांतरी देव यांवर भर असतो. मुलांना ते आवडेल, पण पहिला म्हणून माझं मत साध्या दहिकाल्यालाच, म्हणजे जत्रेतल्या नेहमीच्या दशावतारालाच.

आता आख्यान. यात सगळ्यात जास्त फसगत होते. दशावताराची संहिता लिहिलेली नसते. रंगपटात तोंड रंगवता रंगवता जाणता नट बाकीच्यांना कथा सांगतो: कोणामागून कोण येणार, कोण कोणाला भेटणार, युद्ध कुठे. संवाद नट रंगमंचावर उभे राहिल्यावर जमवतात. राजा आणि देव संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, विनोदी पात्र मालवणी. तुमच्या मुलांना यातलं पहिलं जड जाणार आणि दुसरं कदाचित अजिबात कळणार नाही. म्हणून गोष्ट आधीपासून ठाऊक हवी. कीचकवध, जालंदर-वृंदा, अभिमन्यू, लव-कुश यांपैकी काही असेल तर डोळे मिटून जा. बऱ्याच आख्यानांत नावं पुराणातली आणि कथा मात्र कंपनीने रचलेली असते. वाईट नसतात ती, पण तीन राजे आणि दोन शाप झाले की नवख्या माणसाचा धागा सुटतो, मग शेजाऱ्याला विचारत बसावं लागतं. जत्रेत आख्यान कधीकधी त्याच रात्री ठरतं, त्यामुळे दुपारीच देवस्थानच्या कोणाला किंवा कंपनीच्या मालकांना फोन करून विचारा.

वेळेचं असं. संध्याकाळी ओटी आणि दर्शन, मग पालखीची प्रदक्षिणा, आणि पालखी देवळात गेली की नाटक. म्हणजे 11 ते 12, कधी त्याहून उशिरा. ‘नाटक 10 वाजता’ असं कोणी सांगितलं तर ती आशा समजा. सुरुवातीला आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा ठरलेला भाग: गणपती आणि ऋद्धि-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद पळवणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. हल्ली तो बराच आखडता घेतात, काही ठिकाणी गणपतीवरच भागवतात. जिथे संकासुर पूर्ण होतो तिथे जायला मिळालं तर सोडू नका. पुढचं आख्यान पहाटेपर्यंत चालतं आणि शेवटी दहीहंडी फोडून काला.

बसायचं कुठे, तर वाद्यांच्या बाजूला. पायपेटी, पखवाज आणि झांज रंगमंचाच्या एका कडेला असतात. पद सुरू करताना नट पेटीकडे वळतो, सूर घेतो, पेटी वाजवणाऱ्या बुवांशी नजरानजर करतो. त्या बाजूला बसलात तर तोंड दिसतं, दुसरीकडून पाठ. शिवाय युद्धनृत्यात पखवाजाची थाप आणि नटाचा पाय एकत्र कसे पडतात तेही तिथूनच कळतं. पुढून तिसरी-चौथी रांग, ताडपत्रीवर. अगदी पहिल्या रांगेत गावची मुलं असतात, ती 1 वाजता तिथेच आडवी होतात आणि तुमचे पाय अडकतात.

---

प्रेषक: दुबई (मूळ वेंगुर्ला)

कुडाळकर काका, आख्यानाचं सगळं मान्य. जागेचं मात्र अर्धंच पटतं.

वाद्यांच्या बाजूला बसा हे भोंगे नव्हते तेव्हाचं खरं. आता रंगमंचाच्या दोन्ही अंगांना उंच स्पीकर असतात आणि वाद्यांकडचा तर बहुतेक वेळा झांजेच्या डोक्यावरच. चौथ्या रांगेत, स्पीकरच्या तोंडासमोर, पाच तास बसणं म्हणजे कानांना शिक्षा. त्या बाजूला बसाच, पण कडेला नको. मध्यरेषेपासून दोन-तीन हात वाद्यांकडे सरका, बस.

दुसरं, वर काय आहे ते बघा. ऑपेरा हाउसात वरच्या स्वस्त जागांवर आवाज छान पोचतो, कारण गायक माइकशिवाय गातात आणि इमारतच तशी बांधलेली असते. म्हणून इथे कोणी मागे जाऊन बसलं तर फसेल. सभामंडपावर पत्रे असतील तर स्पीकरचा आवाज पत्र्यावर आपटून परत येतो आणि मागच्या निम्म्या लोकांना शब्दावर शब्द चढलेला ऐकू येतो. गाणं कळतं, संवाद कळत नाही. अशा ठिकाणी जितकं पुढे जाल तितकं बरं, कारण नटाचा स्वतःचा आवाजही थेट कानावर पडतो. उघड्या पटांगणात हा त्रास नाही, सहाव्या-सातव्या रांगेतही चालेल. पण तिथे 3 नंतर दव पडतं. मांडवाच्या कडेच्या लोकांच्या शाली पहाटे पिळायच्या लायकीच्या होतात.

संवादांचंही एक. दोन तयारीचे नट समोरासमोर आले आणि धर्म-अधर्मावर जुंपली की तास कसा जातो कळत नाही. जाणते लोक त्यासाठीच येतात. पण मग पहाट होत आली की युद्ध आणि वध घाईने उरकावे लागतात. 2 वाजता ‘काही घडतच नाही’ म्हणून मुलं उठली तर त्यांना सांगा की जे घडतंय ते बोलण्यातच आहे. आणि स्त्रीपार्टीकडे नीट लक्ष द्यायला सांगा. पारंपरिक कंपन्यांत सगळे नट पुरुष असतात, हे पहिल्यांदा बघणाऱ्यांच्या अर्धा तास ध्यानातच येत नाही.

---

प्रेषक: न्यू जर्सी

दोघांचेही आभार. आणखी तीन शंका. सासूबाई 78 वर्षांच्या, गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. रंगपटात जाऊन फोटो काढता येतात का? आणि तिकीट नाही तर पैसे कोणाला, कसे द्यायचे?

---

प्रेषक: कुडाळ

दुबईकरांचं स्पीकरचं म्हणणं बरोबर, मध्याकडे सरका.

आजींसाठी: ताडपत्रीच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, पण त्या पालखी फिरत असतानाच भरतात. तुम्ही प्रदक्षिणेला जाल तेव्हा एकाला खुर्चीपाशी ठेवा. कडेची खुर्ची धरा, उठता-बसता येतं, आणि त्यांना आडदशावतारानंतर घरी न्यायचं ठरवलंत तरी कोणाच्या मध्ये येणार नाही. गाडी देवळाच्या वाटेवर अजिबात लावू नका. मागून दुकानांच्या गाड्या लागल्या की सकाळपर्यंत निघत नाही. शेताडीत, तोंड रस्त्याकडे करून लावा.

पूर्ण रात्र त्यांना झेपणार नसेल तर एखाद्या नाट्यमहोत्सवातला तीन तासांचा प्रयोग वेगळा दाखवा. त्याला हसण्यासारखं काही नाही, फक्त त्यात काला नसतो आणि आडदशावतार नावापुरता.

रंगपटात विचारून जा, चपला बाहेर काढून. तिथे कंपनीचा पेटारा असतो, गणपतीचा मुखवटा असतो, त्यांची पूजा झालेली असते. हात लावायचा नाही, पेटाऱ्यावर बसायचं तर मुळीच नाही. नट लहानशा आरशात बघून आपला रंग आपणच लावतात. त्या वेळी बोलायला लावू नका, काजळाची रेघ हलते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ म्हणतात ते या पेटाऱ्यावरूनच, पूर्वी तो डोक्यावरून दुसऱ्या गावाला जायचा. फोटो चालतात, फ्लॅश नाही. प्रयोगात तर नाहीच.

पैसे: गणपतीच्या वेळी आरतीचं ताट फिरतं, त्यात घाला. एखाद्या नटाचं पद आवडलं तर बक्षीस म्हणून नोट पेटीवाल्या बुवांकडे नेऊन द्या, ते नाव पुकारतील. भर संवादात रंगमंचावर चढू नका. आणि रुपयेच द्या. डॉलर दिलात तर नटाला तो बदलायला बँकेत अर्धा दिवस घालवावा लागतो.

---

प्रेषक: दुबई (मूळ वेंगुर्ला)

एक राहिलं. जत्रेक इलास की आधी देवाचा दर्शन घ्या, मगे नाटकाक बसा. खाजा घ्यायचा तर रात्रीच घ्या. आल्याचा वास असलेला, कडक, हातात मोडला की आवाज येणारा. पहाटेपर्यंत दवाने तो मऊ पडतो आणि दुकानदार तोच गळ्यात मारतो.