शोकाच्या घराकडे मागितलेल्या वर्गणीवरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-५०१ (अप्पा)
सर्व सभासदांना नमस्कार. बी-विंगमधील आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या निधनाचे दुःख आपणा सर्वांनाच आहे. त्यांच्या इच्छेनुसार कुटुंबीयांनी देहदान केले आणि दहावा, तेरावा यांपैकी कोणताही विधी करणार नसल्याचे कळवले. तो त्यांचा घरचा निर्णय आहे. तथापि आपण सारे एकाच इमारतीत राहतो, त्या घरात पिठावर दिवासुद्धा ठेवलेला नाही, आणि काही भगिनींनी माझ्याजवळ अस्वस्थता बोलून दाखवली आहे. म्हणून येत्या रविवारी सकाळी तळमजल्यावरील सभागृहात गुरुजींना बोलावून उदकशांत करावी आणि त्यासाठी प्रत्येक सदनिकेमागे ३०० रुपये वर्गणी घ्यावी, असे मी सुचवतो. बी-२०४ च्या कुटुंबानेही सहभागी व्हावे. विधी न झाल्यास आत्मा अडकून राहतो, अशी आपली परंपरा सांगते आणि दिवंगतांना सद्गती मिळावी ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

सी-१०३
अप्पा, आपल्याविषयी आदर ठेवूनही मी या प्रस्तावाचा निषेध करतो. ज्या माणसाने आयुष्यभर देव मानला नाही आणि शेवटी आपले शरीरही विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी दिले, त्याच्या मृत्यूनंतर इमारत ‘शांत’ करून घेणे हा त्याचा अपमान आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर लोक गणपतीला दूध पाजण्यासाठी रांगेत उभे राहिले आणि ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून लोक ते बाटल्यांत भरून घरी नेत होते. तीच मानसिकता इथे दिसते. सश्रद्ध माणसे स्वतः विचार करत नाहीत, भीतीपोटी दुसऱ्याने सांगितलेले करत राहतात, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते. मी वर्गणी देणार नाही.

ए-१०२ (डॉक्टर)
देहदानाविषयी काही गैरसमज दिसतात, म्हणून थोडे लिहितो. आपल्या राज्यात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली वैद्यकीय महाविद्यालये देह स्वीकारतात. हयातीत इच्छापत्र भरलेले असले तरी मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांची संमती लागतेच. ती नसेल तर मृताची इच्छा कागदावरच राहते. मृत्यू संशयास्पद असेल किंवा शवविच्छेदन झालेले असेल, तर देह सहसा स्वीकारला जात नाही. नेत्रदान सुमारे सहा तासांच्या आत व्हावे लागते आणि त्यानंतरही देहदान करता येते. म्हणजे घरातल्या माणसांना रडायलाही फुरसत नसताना हे सारे निर्णय घ्यावे लागतात. त्या रात्री मी तिथे होतो. संमतिपत्रावर पहिली सही कोणी केली हे मला ठाऊक आहे, पण ते सांगण्याचा अधिकार त्या कुटुंबाचा आहे.

बी-२०४
मी बाबांची मुलगी लिहिते आहे. ग्रुपवर काही लिहायचे नाही असे ठरवले होते, परंतु आता लिहिणे भाग आहे.

माझे बाबा नास्तिक होते आणि माझी आई सश्रद्ध आहे. लग्नापासून आजपर्यंत तिची सकाळची पूजा चुकलेली नाही, आणि पूजेच्या वेळी रेडिओ बंद करण्याचा नेम बाबांनी शेवटपर्यंत पाळला. संमतिपत्रावर पहिली सही आईनेच केली. दहन व्हावे, अस्थी नाशिकला न्याव्यात, दहाव्याला कावळा शिवावा, हे सारे तिच्या मनात असणारच, कारण तिच्या आईवडिलांचे सर्व विधी तिने तसेच पाहिले आहेत. तरीही ‘त्यांची इच्छा माझ्या इच्छेपेक्षा मोठी आहे’ एवढेच बोलून तिने सही केली. माझ्या मते त्या रात्री आमच्या घरात तिच्यापेक्षा कठीण काम कोणाच्याही वाट्याला आले नव्हते.

आईसुद्धा या ग्रुपमध्ये आहे. अप्पांचा संदेश वाचून ती रात्री उठून बसली आणि मला विचारू लागली, ‘आपण त्यांचं काही वाईट तर नाही ना केलं?’ मी तिची समजूत काढत असतानाच दुसरा संदेश आला, त्यात सश्रद्ध माणसे विचारच करत नाहीत असे लिहिले होते. तोही तिने वाचला. दोन्ही बाजूंनी माझ्या बाबांच्या नावाने लिहिले आणि दोन्ही वेळा लागले ते माझ्या आईला. वर्गणीचे ३०० रुपये हा आमच्यापुढचा प्रश्नच नाही. आम्हाला थोडे दिवस मोकळे सोडावे, एवढीच विनंती आहे.

बी-२०३ (काकू)
हा निरोप वाचून मला फार वाईट वाटले. मी वारकरी घरातली आहे, माळ घातलेली आहे, आणि शाळेत आयुष्यभर मराठी व इतिहास शिकवला आहे, त्यामुळे हे मी श्रद्धेच्या बाजूने लिहिते आहे असे समजावे.

अप्पा, आधी आपल्याशी बोलते. आपला हेतू वाईट नाही हे मला पक्के ठाऊक आहे. परंतु शोकाच्या घरी शेजाऱ्याने पिठलं-भात घेऊन जावे, ही आपली रीत आहे, कारण त्या घरात चूल पेटत नाही. त्या घराकडे वर्गणी मागावी आणि न दिल्यास त्यांचे माणूस अडकून राहील असे सर्वांसमक्ष लिहावे, ही रीत कुठली? आपण परंपरेचे नाव घेतले, म्हणून परंपरेतलेच सांगते. दधीची ऋषींनी वज्रासाठी आपल्या अस्थी दिल्या, त्यांना आपण आजही पूज्य मानतो. २०१० साली १७ जानेवारीला कोलकात्यात ज्योती बसू गेले आणि २७ फेब्रुवारीला चित्रकूटला नानाजी देशमुख गेले. पहिले कम्युनिस्ट आणि नास्तिक, दुसरे हिंगोलीकडचे, संघाच्या मुशीत घडलेले. दोघांनीही देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिले होते. नानाजींना सद्गती मिळाली नसेल असे आपण म्हणाल काय? म्हणणार नाही. मग शेजारच्या माणसाविषयी तसे म्हणायला आपली जीभ का धजावते? स्वातंत्र्यवीर सावरकरांनीसुद्धा आपले अंत्यसंस्कार विद्युतदाहिनीत, कोणत्याही विधीविना व्हावेत अशी इच्छा लिहून ठेवली होती, आणि आपल्या दिवाणखान्यात त्यांची तसबीर आहे.

आता सी-१०३, तुला मी शाळेच्या गणवेशात असल्यापासून पाहते आहे, म्हणून एकेरीच लिहिते. दुधाचा आणि माहीमच्या पाण्याचा प्रकार भोळेपणाचा होता, हे मलाही मान्य आहे. पण तो भोळेपणा आहे हे ओळखणारी, त्या दिवशी रांगेत न गेलेली सश्रद्ध माणसेही पुष्कळ होती आणि मी त्यांतली एक आहे. देवभोळेपणावर महाराष्ट्रात सर्वांत कडक कोरडे गाडगेबाबांनी ओढले, आणि ते कीर्तनात उभे राहून, ‘गोपाला गोपाला’ म्हणत ओढले. नवस, बोकड, कर्ज काढून केलेली तेरावी, यांपैकी त्यांनी काही सोडले नाही. श्रद्धा ठेवणारा माणूस विचार करत नाही, हे तुझे विधान त्यांच्यापुढे टिकत नाही.

आगरकरांविषयी मी वर्गात नेहमी सांगत असे. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या या माणसाची पुण्यातल्या लोकांनी तो हयात असताना प्रेतयात्रा काढली. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, कारण आपल्यामागे कोणी उभे राहील याची त्यांना खात्री नव्हती. एवढे भोगलेल्या त्या माणसाने घरात पत्नी यशोदाबाईंच्या धर्माचरणाला मात्र आडकाठी केली नाही. बी-२०४ मधले आपले दिवंगत शेजारी, ज्यांना मी भाऊ म्हणत असे, त्याच वळणाचे होते. मी आषाढीला वारीला निघाले की माझ्या गॅलरीतल्या तुळशीला पाणी तेच घालत, आणि परत आले की कालदर्शिकेवर खुणा केलेल्या दिसत. एकदा पाऊस झाला त्या दिवसापुढे त्यांनी ‘गरज नव्हती’ असे लिहून ठेवले होते. विठ्ठल आहे की नाही यावर आमचा वाद कधी मिटला नाही आणि तो मिटावा असे दोघांनाही वाटले नाही.

वहिनींनी केलेली सही मला साधी वाटत नाही. ज्यावर स्वतःचा विश्वास आहे ते बाजूला ठेवून दुसऱ्याचा शब्द पाळणे मला जमले असते की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

डी-३०१
मी वकील आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. राज्यघटनेच्या २५ व्या कलमात धर्माचरणाच्या आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य येते आणि त्यात कोणताही धर्म न मानण्याचाही समावेश होतो. मला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा नागरिकाला अधिकार आहे आणि शासन त्याच्यावर धर्म नोंदवण्याची सक्ती करू शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. दुसरीकडे, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने पूजा-अर्चा बंद होईल अशी जी ओरड झाली, तीही खरी नव्हती. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन आणि शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान न करणारे घरातले व मंदिरातले विधी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. उदकशांत करण्यास कोणाचीच हरकत असू शकत नाही. मात्र ती सोसायटीच्या नावाने आणि सर्वांकडून वर्गणी काढून होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सी-१०३
काकू, त्या घरातल्या आजींना माझे वाक्य लागले असेल तर मी त्यांना प्रत्यक्ष भेटून बोलेन. ते ग्रुपवर मांडायचे नाही. परंतु एक गोष्ट इथे नोंदवतो. नास्तिक माणूस बोलताना चिडलेला वाटतो, त्यामागे कारण असते. डॉ. नरेंद्र दाभोलकर देवाधर्माच्या प्रश्नावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका तटस्थ असल्याचे सांगत आले, विरोध फक्त शोषणाला आहे असे म्हणत आले. तरीही २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेले असताना पुण्यातल्या ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्यानंतर चार दिवसांत, इतकी वर्षे रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश निघाला. त्यांनीही देहदानाची इच्छा व्यक्त केली होती. शवविच्छेदन झाल्यामुळे ती पूर्ण झाली नाही. साताऱ्यात मुलीने चितेला अग्नी दिला, कोणताही धार्मिक विधी झाला नाही आणि राख शेतात पसरली गेली. ज्यांनी खून केला त्यांच्याशी अप्पांचा काडीचाही संबंध नाही, हे मला कळते. पण ‘तुमच्यामुळे इमारतीला दोष लागेल’ असे ऐकले की आमच्यासारख्यांना पुढचे सारे आठवते.

ए-५०१ (अप्पा)
मी दोन्ही बाजू वाचल्या. विधी करायला हवे होते, हे माझे मत बदललेले नाही आणि ते मी लपवणारही नाही. माझ्या वडिलांचे तेरावे मी कर्ज न काढता, साधेपणाने, पण मनापासून केले आणि त्यातून मला आधार मिळाला. तो आधार त्या घरालाही मिळावा, असे मला वाटले. वहिनी हे वाचतील याचा विचार मी केला नाही. वर्गणीचा आणि सभागृहाचा प्रस्ताव मी मागे घेत आहे. उदकशांत मी माझ्या घरी, माझ्या खर्चाने करीन. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी नऊ वाजता यावे. त्यात कोणत्याही घराचे नाव घेतले जाणार नाही.

सचिव
प्रस्ताव मागे घेतला गेल्याने त्यावर मतदान होणार नाही. सणांची अथवा पूजेची वर्गणी देखभाल खर्चाच्या बिलात धरू नये, ती पूर्णपणे ऐच्छिक असावी आणि कोणी दिली नाही त्यांची नावे फलकावर लावू नयेत, असा ठराव पुढच्या मासिक सभेत मांडला जाईल. गेल्या वर्षी अशी यादी लागली होती, ती लावायला नको होती. शोकसभा रविवारी सायंकाळी सहा वाजता सभागृहात होईल. डॉक्टरांनी देहदान आणि नेत्रदान यांविषयी दहा मिनिटे बोलावे, अशी विनंती खुद्द वहिनींनी केली आहे. सतरंज्या आणि खुर्च्या लावण्यासाठी चार जण साडेपाच वाजता हवे आहेत, त्यांनी आपली नावे मला कळवावीत.

ए-५०१ (अप्पा)
माझे नाव लिहावे.