एरंडाच्या बीतलं फॉस्फॅटिडिलकोलीन

एक म्हणणं असं की बी तेल साठवते, आणि पेशीपटलाची (पेशीभोवतीच्या व आतल्या पातळ पडद्यांची) मेदद्रव्यं बनवण्याचं काम वेगळं चालतं. माझ्या मते हे दोन धंदे एकाच दुकानात चालतात.

एरंडाचंच घ्या. फॉस्फॅटिडिलकोलीन, म्हणजे आपलं लेसिथिन, हे पटलातलं मुख्य मेदद्रव्य. डायग्लिसराइडला (दोन मेदाम्लं जोडलेल्या ग्लिसरॉलला) कोलीनफॉस्फेट जोडणारं एन्झाइम ते तयार करतं. हे काम एंडोप्लास्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात होतं, हे १९७३ मध्ये रुजणाऱ्या एरंडाच्या भ्रूणपोषावरच (बीतल्या अन्नसाठ्याच्या ऊतीवर) दाखवलं गेलं. (तिथे तर तेल संपवायचं काम चालू असतं, तरी नवी पटलं लागतातच!)

आता गंमत बी भरताना. ओलिक आम्ल या मेदाम्लावर हायड्रॉक्सिल (OH) गट बसवून रिसिनोलिक आम्ल करणारं एन्झाइम सुटं ओलिक धरत नाही. ते लेसिथिनला चिकटलेलं असतानाच त्यावर काम करतं. करडईत ओलिकचं लिनोलिक होतं तेही तसंच, लेसिथिनवर. ते करणारं एन्झाइम, डिसॅच्युरेज, बिघडलेल्या जातींचं तेल ओलिकने भरलेलं निघतं.

पण एरंडेलात सुमारे ९० टक्के रिसिनोलिक, आणि पटलात मात्र अगदी थोडं. पटलात ते साचलं तर पटलाची घडीच बिघडेल, म्हणून ते तिथून झटपट काढून तेलात ढकलावं लागतं. हायड्रॉक्सिलेजचा (हायड्रॉक्सिल बसवणाऱ्या त्या एन्झाइमचा) एकटा जनुक दुसऱ्या रोपात घातला की रिसिनोलिक फार वाढत नाही, ते बरंचसं यामुळेच. एरंडाची ही उचलठेव करणारी बाकीची एन्झाइमं सोबत दिली की प्रमाण वाढतं.