येशू आणि ईसा: ‘दोघं एकच’ म्हटल्यानं वाद मिटतो का?

मोर्शीकर:
नाताळ जवळ आला की आपल्याकडच्या गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन मेसेज फिरू लागतात. पहिला: ‘खरी इंजील (शुभवर्तमान) बर्नबाची, चर्चनं ती दडवली.’ दुसरा: ‘कुराणच येशूला अल्लाहचा शब्द म्हणतं, म्हणजे त्याचं देवपण त्यांनाही मान्य आहे.’ मग भांडण वाढू नये म्हणून कोणी सज्जन तिसरा टाकतो: ‘येशू काय, ईसा काय, नाव वेगळं, माणूस तोच.’ माझ्या मते तिन्ही चूक आहेत. तिसरा जास्तच, कारण तो ऐकायला गोड लागतो आणि कोणी तपासत नाही.

जुळतं ते पुष्कळ आहे. कुराणाची १९वी सूरह (अध्याय) बीबी मरियमच्या नावानं आहे. कुमारी मातेच्या पोटी जन्म, आंधळ्यांना दृष्टी, कुष्ठरोग्यांना बरं करणं, मेलेल्यांना उठवणं, ‘मसीह’ ही पदवी, तो पुन्हा येणार ही वाट, हे दोन्हीकडे आहे. अडतं तीन ठिकाणी. तो वधस्तंभावर मेला का? कुराण ४:१५७ म्हणतं, नाही. तो देवाचा पुत्र का? ११२वी सूरह चार आयतींत (वचनांत) निकाल लावते: अल्लाहनं कोणाला जन्म दिला नाही, कोणी त्याला दिला नाही. आणि तिसरं, त्याची शिकवण आज कोणत्या पुस्तकात शोधायची? लोक पहिल्या दोन मुद्द्यांवर रात्र काढतात. गाठ तिसऱ्यात आहे.

मुसलमानासाठी अल्लाहचा कलाम म्हणजे कुराण. ख्रिस्ती माणसासाठी देवाचा शब्द म्हणजे स्वतः येशू (योहान १:१ आणि १:१४ सोबत वाचा), आणि चार शुभवर्तमानं ही त्याच्याबद्दलची साक्ष. इकडे जी जागा कुराणाची, तिकडे ती येशूची. बायबलची जागा त्याच्या खालची. रोजच्या वागण्यातही हे दिसतं. कुराण वजू करून (हातपाय-तोंड धुऊन) हाती घेतात, रेहलवर (घडीच्या लाकडी स्टँडवर) ठेवतात, त्यात पेन चालवत नाहीत. प्रार्थनासभेत बायबल मांडीवर उघडं असतं, आवडत्या वचनांखाली लाल रेघा, समासात टिपणं. मुसलमान शेजारी ते पाहून म्हणतो, ‘यांना आपल्याच किताबची कदर नाही.’ ख्रिस्ती शेजाऱ्याला वाटतं, ‘हे पुस्तक वाचतात की पुजतात?’ दोघांचाही अंदाज चुकतो. भाषांतराचंही तेच. मराठी तर्जुमा मुसलमानाच्या लेखी कुराण नव्हे, नमाजेत अरबीच लागते. मराठी बायबल मात्र ख्रिस्ती माणसाला पुरतं बायबल असतं. पंडिता रमाबाईंनी केडगावात शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोपं मराठी बायबल करण्यात घातली ती उगाच नाही.

तेव्हा ‘तुमचं पुस्तक बदललं, आमचं नाही’ ही कुस्ती मुळात चुकीची जोडी लावून सुरू होते.

अचलपूरवाला:
मोर्शीकर भाऊ, मांडणी चांगली, पण यात ख्रिस्ती मंडळींना मागचं दार उघडून दिलंय. कुराण इंजीलला ‘ईसांबद्दलची साक्ष’ म्हणत नाही. मूसा अलैहिस्सलामांना तौरात मिळाली तशी ईसा अलैहिस्सलामांना इंजील मिळाली (५:४६). ती कुठे आहे असं विचारलं की उत्तर येतं, ‘तसलं पुस्तक आमच्याकडे कधी नव्हतंच.’ अहो, आमची तक्रार नेमकी तीच आहे.

ईसांनी स्वतः लिहिलेलं एक पानही नाही. चारांत जुनं मार्कचं, ते अभ्यासक साधारण इ. स. ७०च्या आसपास धरतात, म्हणजे सुमारे ४० वर्षांनंतरचं. ईसा बोलायचे अरामी, लिहिलंय ग्रीकमध्ये. मार्कची शेवटची १२ वचनं (१६:९ ते २०) चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट (योहान ७:५३ ते ८:११) त्यांतही नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातलं ५:७, जिथे पिता, शब्द आणि पवित्र आत्मा ‘हे तिघं एक’ असं सरळ लिहिलं होतं, ते जुन्या ग्रीक प्रतींत सापडत नाही, म्हणून आजच्या बहुतेक भाषांतरांतून काढलंय नाहीतर तळटीपेत टाकलंय. त्रैक्यावरचं सगळ्यात स्पष्ट वाक्य तेच होतं!

दुसऱ्या मेसेजबद्दल तुमच्याशी सहमत. ४:१७१ अर्धी वाचायची आणि ‘शब्द’, ‘रूह’ (आत्मा) एवढं उचलायचं, हा प्रकार चालणार नाही. त्याच आयतीत पुढे ‘तीन म्हणू नका’ आहे. सोबत ३:५९ वाचा: अल्लाहजवळ ईसांची मिसाल आदमसारखी, मातीपासून घडवलं आणि ‘हो’ म्हटलं. बाप नसल्यानं कोणी देवाचा पुत्र होत असेल तर आदमचा हक्क आधी लागतो. त्याला तर आईही नव्हती.

रिसोडकर:
अचलपूरवाले भाई, तुम्ही मोजलेल्या तिन्ही जागा आमच्याच बायबलात कंस घालून किंवा टीप देऊन छापलेल्या असतात. हजारो हस्तलिखितं जुळवून पाहिली म्हणून तर त्या कळल्या. त्या वाक्यावर त्रैक्य उभं आहे असं म्हणणं तर अजिबात बरोबर नाही. ३२५ साली निकियाच्या परिषदेत, पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही म्हणणाऱ्या एरियसशी वाद झाला तेव्हा ते वाक्य ग्रीक प्रतींत नव्हतंच, तरी विश्वासांगीकार (श्रद्धेचा जाहीरनामा) झाला. (त्या परिषदेत बायबलची पुस्तकं निवडली हीही एक फिरती अफवा. आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी बिशप अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात आहे.) फिलिप्पैकरांस पत्र २:६ ते ११ पाहा. येशूचं देवासमान असणं तिथे आहे, आणि पौलाचं ते पत्र मार्कच्या आधीचं आहे. शिष्य थोमाचं ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ योहान २०:२८मध्ये आहे, त्यावर कोणत्याही प्रतीत कंस नाही.

चार पुस्तकं का, याचं उत्तर आपल्याकडच्या कोणत्याही पंचानं द्यावं. चार साक्षीदार अक्षरशः एकच जबानी देऊ लागले तर ठाणेदारालाच पढवल्याचा संशय येतो.

आता वधस्तंभाचं. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५, वचन ३ ते ८. लिहिलं साधारण ५५ साली. त्यात पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठवला गेला. रोमन इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती लोकांचा कोणी लागत नव्हता, उलट तुच्छतेनं लिहितो, पण रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमानं ख्रिस्ताला मृत्युदंड झाला हे नोंदवतो. समोर काय? सहाशे वर्षांनंतरचं एक वाक्य.

वऱ्हाडी मानूस:
राजेहो, तुमी दोघंबी आपल्या पुस्तकाले एक माप अन् दुसऱ्याच्याले दुसरं माप लावून राहिले.

अचलपूरवाले भाऊ बायबलचे पाठभेद मोजतात. अन् कुरानाचं काय? तिसरे खलिफा हजरत उस्माननं ६५०च्या आसपास एक प्रत ठरवून बाकीच्या जाळाले लावल्या, हे बुखारीच्या हदीसमंदीच (मुसलमानाइच्या जुन्या परंपरेच्या संग्रहात) हाय. येमेनात सनाले १९७२ साली जुनी कातडी पानं सापडली, त्यातल्या काही पानांवर खालचा पुसलेला मजकूर आजच्याहून थोडासा येगळा हाय. थोडासाच, पन हाय. अन् रिसोडकर भाऊ टॅसिटसले साक्षीले उभं करतात. तो तं मृत्युदंड झाला एवढंच सांगते. लोकाइच्या पापासाठी मेला अन् तिसऱ्या दिवशी उठला, हे तो काही सांगत नाही. मंग त्याच्या जिवावर एवढं काहून उड्या मारता?

अचलपूरवाला:
वऱ्हाडी भाऊ, प्रश्न रास्त आहे. हजरत उस्मानांचं काम लपवलेलं नाही, आमच्याच हदीसमध्ये आहे हे तुम्हीच लिहिलंत. कुराण मुळात तोंडपाठ चालत आलेलं, लेखी प्रत त्या पठणाला आधार म्हणून. पठणातले फरकही नोंदलेले आहेत. आपल्याकडे हफ्सची किरात (पठणाची पद्धत) चालते, उत्तर आफ्रिकेत वर्शची. पहिल्याच सूरहमध्ये इकडे ‘मालिक’ तर तिकडे ‘मलिक’: निवाड्याच्या दिवसाचा धनी किंवा राजा. यानं अकीदा (मूळ श्रद्धा) हलत नाही. मार्कची १२ वचनं आणि हा फरक एका तागडीत बसत नाहीत.

‘सहाशे वर्षांनंतर’ या मुद्द्याला आमचं उत्तर असं, की आम्ही कुराणाला साक्षीदार म्हणून उभं करतच नाही. ती ‘वही’ आहे, म्हणजे अल्लाहकडून उतरलेला संदेश. जो त्या दिवशी पाहत होता त्यानंच सांगितलं, अशी आमची श्रद्धा. शिवाय ४:१५७ नीट वाचली तर लोकांनी वधस्तंभ पाहिला हे ती नाकारत नाही. ‘त्यांना तसं भासवलं गेलं’ असं म्हणते. टॅसिटसनं लिहिलं ते लोकांना दिसलं ते.

मात्र आमच्या वक्त्यांनाही एक सांगायचंय. ईसांच्या जागी यहूदा लटकला, असं मंचावरून ठासून सांगतात. कुराणात कोणाचंच नाव नाही. चेहरा बदलल्याच्या हकिकती तफसीरमधल्या (कुराणावरच्या भाष्यांतल्या) आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. बाराव्या शतकातले इमाम राझी स्वतःच विचारतात, की एकाचं रूप दुसऱ्याला असं मिळू लागलं तर डोळ्यांनी पाहिलेल्या कशावर भरवसा ठेवायचा? पुढे ते उत्तरही देतात, पण प्रश्न टाळत नाहीत. तेव्हा नाव सांगणाऱ्याला आयत विचारा.

रिसोडकर:
राझींचा प्रश्न मांडलात हे बरं केलंत, कारण माझा आक्षेप तिथूनच सुरू होतो. ‘भासवलं गेलं’ म्हटल्यावर कोणताही पुरावा आणला तरी तो त्यात बसतो. मग चर्चा कशावर करायची? आणि फसले कोण? शत्रू फसले हे समजू शकतो. पण शिष्यांचं काय? तो मेला आणि उठला हे सांगत ते गावोगाव फिरले. देवानं आपल्याच नबीच्या माणसांना चुकीच्या बातमीवर सोडून दिलं?

५:११६बद्दलही बोला. अल्लाह ईसांना विचारतो, ‘मला आणि माझ्या आईला देव माना, असं तू लोकांना सांगितलंस का?’ पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांत मरिया कुठे आली? जे आम्ही मानतच नाही ते खोडून काय मिळतं?

अचलपूरवाला:
५:११६मध्ये त्रैक्याची व्याख्या दिलेली नाही. तिथे विचारणा आहे, आणि जिला ‘देवाची आई’ म्हणत साकडं घातलं जातं तिच्याबाबत ती गैरलागू नाही. शिष्यांबद्दल ६१:१४ वाचा. हवारी ‘आम्ही अल्लाहचे मददगार’ म्हणतात, आणि ईमान आणणाऱ्यांना शत्रूवर वरचढ केल्याचं तिथे आहे. कुराण त्यांना फसलेले म्हणत नाही.

रिसोडकर:
मग वरचढ झालेला तो गट इतिहासात दाखवा. जो गट टिकला, पसरला, तो वधस्तंभ मानणाराच होता. तो चुकीचा म्हटला तर वरचढ कोण झालं?

चांदूर बाजार:
बर्नबा राहिलाच. ज्यांच्याकडे मेसेज आला त्यांनी पाठवणाऱ्याला एवढं विचारावं. ते पुस्तक सध्या व्हिएन्नात असलेल्या इटालियन हस्तलिखितावरून ओळखलं जातं, आणि ती प्रत सोळाव्या शतकाच्या आसपासची. त्यात येशू गलिलातून नावेनं नासरेथला उतरतो. नासरेथ डोंगरावर आहे. येशूच्या जन्मावेळी पिलात सुभेदार आहे. पिलाताचा काळ २६ ते ३६. योबेल वर्ष (यहुद्यांचं सुटकेचं वर्ष) १०० वर्षांनी येतं म्हटलंय. बायबलच्या लेवीय पुस्तकात ते ५०वं. शंभराची कल्पना पोप आठव्या बोनिफासनं १३०० साली जाहीर केलेल्या महोत्सवातून आलेली दिसते. मुसलमानांनी तर हे पुस्तक लांबच ठेवावं, कारण त्यातला येशू ‘मी मसीह नाही’ म्हणतो, आणि कुराण ईसांना वारंवार मसीह म्हणतं.

आता मोर्शीकरांशी मतभेद. पुस्तकाचा मुद्दा आधी घ्यावा हे त्यांचं म्हणणं १८५४ सालीच आजमावून झालंय. आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फँडर समोरासमोर बसले. विषयांचा क्रम ठरला: आधी नस्ख (जुनी आज्ञा नव्यानं रद्द होणं), मग तहरीफ (ग्रंथात फेरफार), त्यानंतर त्रैक्य वगैरे. मौलानांच्या बाजूनं डॉक्टर वझीर खान होते, त्यांच्याजवळ युरोपातल्या बायबल-अभ्यासकांचीच पुस्तकं. फँडरना पाठभेद मान्य करावे लागले, पण त्यानं मुख्य शिकवण बदलत नाही यावर ते अडून राहिले. दोन दिवसांत सभा आटोपली, आणि येशू कोण, या प्रश्नापर्यंत गाडी पोचलीच नाही. पुस्तकापासून सुरुवात केली की असंच होतं. एक प्रत काढा, दुसरी काढा, पाठभेद मोजा. पुनरुत्थान, शफाअत (देवापुढची रदबदली), पाप यांवर बोलायला कोणाच्या अंगात दम उरत नाही.

मोर्शीकर:
आग्र्याला अडलं ते दोघांनीही न बोलता धरून ठेवलेल्या एका गोष्टीमुळे: ‘किताब’ म्हणजे आकाशातून शब्दश: उतरलेलंच. फँडर त्या मापावर बायबल मोजू द्यायला तयार झाले आणि सापडले. पुस्तक आधी घ्या असं मी म्हणत नाही. कोण कशाला पुस्तक म्हणतं ते आधी विचारा, एवढंच.

तरीही चांदूर बाजार म्हणतात तसं थेट येशूपासून सुरू करायचं असेल तर मेसेज बाजूला ठेवून दोन्हीकडचा सलग मजकूर घ्या. कुराणातून ३:३३ ते ६३ आणि १९:१६ ते ४०; शुभवर्तमानातून मार्क पूर्ण, १६ अध्याय, मोठ्यानं वाचलं तर साधारण दीड तास. एकेक आयत किंवा वचन तोडून काढायचं नाही. कोणी काढलंच तर त्याच्या मागचे-पुढचे दहा वाचल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. कुराण वाचणाऱ्यानं बायबल वाचणाऱ्याच्या रेघांवर बोलू नये आणि बायबलवाल्यानं रेहल जमिनीवरून सरकवू नये. बैठक मोडते ती बहुतेक अशाच कारणांनी, सिद्धांतामुळे क्वचितच.

अचलपूरवाला:
कबूल. फक्त मार्क १६:८पर्यंत वाचायचा की २०पर्यंत, ते आधी ठरवा.

रिसोडकर:
आठपर्यंत वाचा, माझी हरकत नाही. ‘तो उठला आहे, तो येथे नाही’ हे सहाव्या वचनातच आहे.