आवडता रंग कळला म्हणजे माणूस कळला?

शीवकर
गेल्या रविवारी इथे एका सदस्याने 'दहा हलके प्रश्न, दहा मिनिटांत ओळख' असा धागा काढला होता. आवडता रंग, आवडता ऋतू, आवडता सण, आवडता पदार्थ, अशी यादी. वर ठाम विधान की एवढी उत्तरं मिळाली की समोरचा माणूस आरपार कळतो. लोकांनी भराभर आपापले रंग लिहूनही टाकले. मला ते वाचून जे वाटलं ते दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

मागच्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. बीकेसीतलं आमचं ऑफिस. नव्या साहेबांनी शुक्रवारी चौदा जणांना गोल बसवलं आणि एकेकाला 'आवडता सण' विचारला. माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, 'दिवाळी.' टाळ्या पडल्या, पुढचा नंबर. त्या मुलाचे वडील तीन आठवड्यांपूर्वी गेले होते. घरात आकाशकंदीलही लागणार नव्हता. टीममध्ये कोणालाच माहीत नव्हतं, कारण तो नुकताच लागला होता. मला कळलं ते या जूनमध्ये, गाड्या बंद पडल्यावर कुर्ल्याच्या फलाटावर आम्ही अडीच तास उभे होतो तेव्हा. मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. नुसता शेजारी उभा होतो.

माणूस असा कळतो. सोबत वेळ घालवून. प्रश्नावली भरून घेऊन नाही.

सात_त्रेपन्न
शंभर टक्के सहमत. अकरा वर्षं एकाच डब्यात आहोत आम्ही आठ जणी. गाडीत भाजी निवडतो, एकीचं डोहाळजेवण डब्यातच केलं, दसऱ्याला डबा सजवतो. कोणाची सासू कशी आहे, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी, सगळं पाठ. आवडता रंग आजवर कोणी कोणाला विचारलेला नाही.

दादरची_दुपार
असहमत, आणि जरा रागाने असहमत. सात_त्रेपन्न ताई, तुमच्याकडे अकरा वर्षं आणि ठरलेली गाडी आहे. ज्याच्याकडे एकच रात्र असते त्याने काय करायचं?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी एकोणीस वर्षांची होते. कुर्ल्याजवळ एलबीएस मार्गावर डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर आम्ही तीसेक जण रात्रभर अडकलो. खालच्या मजल्यावर पाणी. फोन लागत नव्हते. एक बाई सारखी रडत होती, तिची मुलगी पाळणाघरात होती. एका कॉलेजच्या पोराने सुरू केलं : सगळ्यांनी आपला आवडता पदार्थ सांगायचा, आणि तो कोण करतं तेही. कोणी पुरणपोळी म्हणालं, कोणी दाल-बाटी, एक आजोबा सुक्या बोंबलाची चटणी म्हणाले आणि ती त्यांची बायको कशी करायची ते दहा मिनिटं सांगत राहिले. त्या बाईने सगळ्यात शेवटी सांगितलं. मुलीला आवडतो तो गूळभात. त्यानंतर ती रडली नाही असं मी म्हणणार नाही, पण एकटी रडली नाही. पहाटे आम्ही दोघी कमरेएवढ्या पाण्यातून हात धरून तिच्या पाळणाघरापर्यंत चालत गेलो. तिचा नंबर अजून माझ्याकडे आहे.

ज्या प्रश्नाला तुम्ही पोरकट म्हणताय, त्याच्यामुळे मला ती रात्र निभावता आली.

शीवकर
पोरकट हा शब्द मी वापरलेला नाही. तुमची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. पण तिथे पाण्याने माणसं जोडली, प्रश्नाने नाही.

दादरची_दुपार
तुम्ही तिथे नव्हता. चार तास आम्ही सगळे पाण्यातच होतो आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बोलणं त्या प्रश्नानंतर सुरू झालं. माझ्या डोळ्यांदेखतचं तुम्ही मला समजावू नका.

गिरणगाव
हा खेळ काही आजचा नाही. आपल्या शाळेतल्या स्लॅम बुकच्याही कितीतरी आधीचा. कार्ल मार्क्सने १८६५ मध्ये आपल्या मुलींच्या अशाच खेळात उत्तरं दिली होती. आवडता रंग लाल, आवडता पदार्थ मासे. एवढा मोठा माणूस मुलींसाठी ते लिहायला बसला. आमच्याकडेही रविवारी पापलेटच लागतं. गेल्याच रविवारी लालबागहून ताजं, मोठं मिळालं, काय चव होती!

वेसावकरीण
गिरणगाव दादा, जुलैत ताजं पापलेट? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. आमच्या बोटी सगळ्या किनाऱ्याला शाकारून ठेवल्यात. तुम्ही खाल्लं ते बर्फातलं. आणि पापलेट आवडतं म्हणणाऱ्याला मासा आवडतो असं आम्ही धरत नाही. काट्याची कटकट नको, वास नको, म्हणून पापलेट. सध्या जवळा, सुके बोंबील, वाकट्या खायचे दिवस आहेत.

गिरणगाव
ताई, माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. पापलेट वर्षातून दोनदा यायचं, तेही पगार झाला तर. एकाचे सात तुकडे व्हायचे. आज मला दर रविवारी परवडतं म्हणून मी ते आवडीने खातो. त्याला कटकटीची भीती म्हणू नका.

वेसावकरीण
तुमच्या वडिलांबद्दल मी काही म्हटलेलं नाही. पण मागणी पापलेटलाच म्हणून हाताच्या तळव्याएवढी पिल्लंही जाळ्यात धरतात. २०२३ मध्ये सरकारने राज्यमासा ठरवला, तो उगाच नाही. पिल्लं वाचावीत हाही त्यातला हेतू. पिल्लू कोणी विकत घेतलंच नाही तर कोणी धरणारही नाही. हे आमच्या घरातही बोलते मी, आणि माझे दीर माझ्यावर चिडतात.

परळचा_जुना
हलवा मासा पापलेटपेक्षा कितीतरी सरस. रस्सा करून बघा.

शीवकर
अहो, धागा माशांवर नाही.

वेसावकरीण
आहे. तुमच्या लक्षात येत नाहीये. तुम्ही 'आवडता पदार्थ' हलक्या प्रश्नांत धरलात. या मुंबईत तो हलका आहे का?

माझा भाऊ दोन वर्षांपूर्वी लग्नानंतर भाड्याने जागा बघत होता. उपनगरातली चांगली सोसायटी. एजंटने सगळं जुळवलं, डिपॉझिट ठरलं. मालकीणबाईंनी चहा दिला आणि अगदी गोड आवाजात वहिनीला विचारलं, 'तुमच्या घरी काय काय आवडतं?' वहिनी नवी, भोळी. तिला वाटलं बाई जवळीक करताहेत. तिने कोलंबीचं खडखडलं, भरलेला बोंबील, सगळं हौसेने सांगितलं. संध्याकाळी एजंटचा फोन, जागा दुसऱ्याला दिली. वहिनी चार दिवस स्वतःला दोष देत होती. आता कोणी तिला काय आवडतं विचारलं तर आधी ती विचारणाऱ्याचा चेहरा बघते. ज्या समुद्रावर हे शहर उभं आहे, त्याच्या काठी आमच्या पिढ्या गेल्या, आणि आम्हीच आवडता पदार्थ दबकत सांगायचा?

सात_त्रेपन्न
वाचून संताप झाला. आमच्या ग्रुपमधल्या एकीला तर मुलाखतीसारखं दोनदा बोलावून हेच विचारलं होतं.

ठाणेकर_अभ्यासू
मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा प्रयोग आठवतो का? अनोळखी माणसांच्या जोड्या, ३६ प्रश्न, साधारण पाऊण तास. पहिला प्रश्न साधाच : जगातलं कोणीही जेवायला बोलवायचं तर कोणाला बोलवाल? मग हळूहळू खोलात. नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. तेव्हा शीवकर, प्रश्नांनी ओळख होत नाही हे तुमचं म्हणणं टिकत नाही.

शीवकर
पाऊण तास. दोघंच. बाकीचे बारा जण टाळ्या वाजवायला बसलेले नाहीत. आणि मनुष्य आरपार कळला असं त्या प्रयोगातही कोणी म्हटलेलं नाही, जवळीक वाटली एवढंच. विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगावरून आमच्या ऑफिसचं कसं ठरवता?

ठाणेकर_अभ्यासू
मुख्य गोष्ट तुम्ही सोडलीत. त्यात दोघंही उत्तर देतात. प्रत्येक प्रश्नाला. विचारणारा वेगळा आणि सांगणारा वेगळा, असं नसतं.

परळचा_जुना
यावरून माझं सांगतो. १९८४, कांदेपोह्यांचा कार्यक्रम. मोठ्यांनी आम्हाला पाच मिनिटं बोलू दिलं. मी विचारलं, आवडता रंग कोणता? ती म्हणाली, आकाशी. लग्न झालं. दर दिवाळीला, दर वाढदिवसाला मी आकाशी साडी आणायचो. आठ वर्षं. एकदा दादरला दुकानात ती चिंतामणी रंगाच्या साडीवरून हात फिरवत उभी राहिली, तेव्हा म्हटलं घे की. तर तिचे डोळे भरून आले. आकाशी सांग, सोज्वळ दिसतं, असं तिच्या आईने पढवलं होतं. आई दाराआड उभी होती. मला तिने कधी विचारलंच नाही की तुमचा आवडता रंग कोणता, कारण तेव्हा मुलीने विचारायचं नसतं.

प्रश्न वाईट नव्हता हो. मी एकट्यानेच विचारला.

दादरची_दुपार
काका, हेच. त्या बसमध्ये ज्या पोराने विचारलं, त्याने सगळ्यात आधी स्वतःचं सांगितलं होतं. हे मी आधी लिहायला हवं होतं.

वेसावकरीण
आणि त्या मालकीणबाईंनी स्वतःच्या घरी काय शिजतं ते सांगितलंच नाही.

शीवकर
आमच्या साहेबांनीही आपला सण सांगितला नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. वही घेऊन बसले होते.

ठीक आहे. प्रश्नांनी काहीच होत नाही, हे मी जास्तीचं बोललो, तेवढं मागे घेतो. दादरची_दुपार, तुमच्या रात्रीबद्दल मी जे लिहिलं तेही. आरपार कळतो हे मात्र मला कोणी पटवलेलं नाही, आणि त्या शुक्रवारच्या गोलाबद्दल माझा एक शब्दही बदलणार नाही.

गिरणगाव
वेसावकरीण ताई, पिल्लांचं मला खरंच माहीत नव्हतं. तळव्याएवढं यापुढे घेणार नाही. मोठं मात्र घेणार.

वेसावकरीण
घ्या, पण ऑगस्टमध्ये. नारळी पौर्णिमा झाली की वेसाव्याला या, बोंबील दाखवते. पापलेट माझ्याकडून मिळणार नाही.