शनिवारवाड्यातलं भूत आता रिटायर करा की राव!

पेठेतला_पक्या: गणपती जवळ आले की तीच रील फिरायला लागते, पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून "काका, मला वाचवा" ऐकू येतं म्हणे. अहो, नारायणराव पेशव्यांचा खून झाला 30 ऑगस्ट 1773 ला, तोही दिवसाढवळ्या, आणि ज्या दालनांतून तो अठरा वर्षांचा पोरगा काका राघोबादादांकडे जीव घेऊन पळाला ती 1828 च्या आगीत खाक झाली, आता आत गेलं की नुसती जोती, कारंज्याचा हौद आणि लॉन. मग हे भूत पळतं कुठून कुठे? या नादात खरी भानगड राहते बाजूलाच, गारद्यांचा, म्हणजे वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांचा, थकलेला पगार, दादांची नजरकैद, सुमेरसिंग गारदी, यातलं काही कुणाला माहीत नसतं.

मस्तानी_दरवाजा: साफ चूक! भूत नसतं तर नारायणराव कुणाला आठवले असते? वर्षभराचीसुद्धा कारकीर्द नाही त्यांची. माझ्या भाच्याला पेशव्यांची वंशावळ सांगायला घेतली की जांभया येतात, पण ही किंकाळी ऐकून तो स्वतःहून विचारतो, मग पुढं काय झालं? मग सांगा ना त्याला दादांविरुद्ध एकत्र आलेले बारभाई, नारायणरावांची बायको गंगाबाई, पुरंदरावर जन्मलेला त्यांचा मुलगा सवाई माधवराव. भूत म्हणजे दिल्ली दरवाजा समजा, आत तर येऊ देत लोकांना.

पेठेतला_पक्या: आत येतच नाहीत हो, दारातच सेल्फी काढून जातात 😄

सातारकर_काकू: तुमचं भूत राहू द्या, त्याने कुणाचं काय बिघडवलंय? मला राग येतो त्या 'ध चा मा' चा. राघोबादादांच्या आनंदीबाईने चिठ्ठीत खाडाखोड करून 'धरावे'चं 'मारावे' केलं म्हणे! ती चिठ्ठी दाखवा म्हटलं की सगळे गप्प. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते राघोबादादांना, तेही तोंडावर, पण अडीचशे वर्षं शिव्या खातेय बायको. रिटायर करायचं तर आधी ते करा.

मस्तानी_दरवाजा: काकू, याला +1. पण भूत ठेवा.

पेठेतला_पक्या: ठेवा, पण मग चाफाजी टिळेकराचंही ठेवा. धन्याला वाचवायला अंगावर आडवा पडला, गारद्यांनी त्यालाही कापलं, त्याची किंकाळी कशी कुणाला ऐकू येत नाही? तुमच्यात भूत व्हायलापण पेशवाच लागतो का?

मस्तानी_दरवाजा: हे मात्र बरोबर बोललात. भाचा रविवारी येतोय, त्याला या वेळी चाफाजीपासून सुरू करून सांगते, पण रात्रीचं सांगणार हं, दुपारी सांगून कोण ऐकतंय!